गल्फची रजा आणि रजेचा पगार : गावी निघण्याआधी हिशोब कसा पाहायचा?

खेड, चिपळूण, दापोली, म्हसळा, श्रीवर्धन, राजापूर या भागात क्वचितच असं मोहल्ल्यातलं घर सापडेल, जिथला एखादा माणूस सौदी, दुबई, कुवेत, कतर, ओमान किंवा बहरीनला नाही. हा माणूस वर्षा-दोन वर्षांनी रजेवर गावी येतो. घराचं स्लॅबचं काम, बहिणीचं लग्न, आईचं ऑपरेशन अशी सगळी कामं त्या एका-दोन महिन्यांत उरकायची असतात. त्याच वेळी हाती येणारा रजेचा पगार म्हणजे घरासाठी मोठा आधार. पण हा पगार नेमका किती मिळायला हवा, कधी मिळायला हवा आणि नाही मिळाला तर काय करायचं, हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असतं.

आमच्या ओळखीचा रत्नागिरी जिल्ह्यातला एक भाऊ सौदीत एका छोट्या कंपनीत पाच वर्षं होता. रजेवर निघताना त्याला सांगण्यात आलं, ‘तू जाऊन ये, रजेचे पैसे परत आल्यावर पुढच्या पगारात देऊ.’ विमानाला दोन दिवस राहिले होते, घरी सगळे वाट पाहत होते. त्याने एका अरबी कागदावर सही केली आणि निघून आला. गावी आल्यावर महिन्याभरात कळलं की कंपनीला आता त्याची गरज नाही. हिशोब मागितला तेव्हा उत्तर मिळालं, ‘सगळे पैसे मिळाल्याची तुझी सही आमच्याकडे आहे.’ त्या कागदावर काय लिहिलं होतं, हे त्याला तोपर्यंत ठाऊक नव्हतं.

अशी गोष्ट एकट्या त्याची नाही. म्हणून या लेखात आम्ही गल्फच्या सहा देशांमधले रजेचे मुख्य नियम, हिशोबाची रीत, मालक लोक नेहमी वापरतात त्या युक्त्या आणि तक्रारीचे मार्ग एकत्र देत आहोत. हा लेख जपून ठेवा आणि बाहेर असलेल्या आपल्या माणसाला पाठवा.

कोणत्या देशात किती रजा?

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. खाली दिलेली रजा कमीत कमी आहे. करारात यापेक्षा जास्त लिहिली असेल तर जास्त मिळेल, पण करारात कमी लिहिली म्हणून कमी होत नाही.

सौदी अरेबिया : वर्षाला किमान २१ दिवस पगारी रजा. एकाच मालकाकडे सलग ५ वर्षं झाली की ती किमान ३० दिवस होते.

संयुक्त अरब अमिरात (दुबई, अबुधाबी, शारजा वगैरे) : वर्षाला ३० दिवस. नोकरीला ६ महिने झाले पण वर्ष पूर्ण झालं नाही, तर दर महिन्याला २ दिवस. इथला सध्याचा कामगार कायदा २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू आहे.

कतर : नोकरी ५ वर्षांपेक्षा कमी असेल तर वर्षाला ३ आठवडे, ५ वर्षांनंतर ४ आठवडे.

कुवेत, ओमान, बहरीन : तिन्ही देशांत वर्षाला ३० दिवस.

हे नियम कंपनी, दुकान, हॉटेल, बांधकाम, वर्कशॉप अशा खासगी नोकऱ्यांसाठी आहेत. घरगुती कामगारांसाठी, म्हणजे हाऊस ड्रायव्हर, घरातला कुक, घरकाम करणारी बाई यांच्यासाठी वेगळी नियमावली असते. सौदीत घरगुती कामगाराला दोन वर्षांनंतर, तो पुढे काम चालू ठेवणार असेल तर, एक महिना पगारी रजा आहे. अमिरातीत घरगुती कामगारालाही वर्षाला ३० दिवस आहेत. आपले बरेच लोक सौदीत हाऊस ड्रायव्हरच्या व्हिसावर जातात आणि कंपनीच्या नियमाने हिशोब मागतात. म्हणून आधी आपल्या अकाम्यावर कोणता पेशा लिहिलाय ते पाहा.

‘दोन वर्षांनीच रजा’ हे खरं का?

बऱ्याच कंपन्यांत ‘दोन वर्षांनी दोन महिने’ अशी पद्धत पडलेली आहे. त्यामुळे लोकांना वाटतं की पहिल्या वर्षी काही हक्कच नसतो. तसं नाही. रजा दर वर्षाची जमा होते, फक्त ती घेण्याची वेळ पुढे ढकललेली असते.

सौदीच्या कायद्यात रजा ज्या वर्षाची त्या वर्षात घ्यायची असते. मालकाच्या संमतीने कामगार ती किंवा तिचा काही भाग पुढच्या वर्षी नेऊ शकतो. कामाच्या अडचणीमुळे मालक ती वर्ष संपल्यावर ९० दिवसांपर्यंत पुढे ढकलू शकतो. अमिरातीत रजेची तारीख मालक ठरवतो, पण ती किमान एक महिना आधी कामगाराला सांगावी लागते. तिथे दोन वर्षांहून जास्त काळ मालक कामगाराची रजा अडवून ठेवू शकत नाही. कामगाराला स्वतःलाच रजा पुढे न्यायची असेल किंवा त्याबदली पैसे घ्यायचे असतील तर गोष्ट वेगळी.

म्हणजे अमिरातीत दोन वर्षांनी येणाऱ्या माणसाची ६० दिवसांची रजा जमलेली असते. सौदीत पहिल्या पाच वर्षांत दोन वर्षांचे ४२ दिवस होतात. गावी दोन महिने राहिलात तर सौदीच्या हिशोबाने उरलेले १८ दिवस बिनपगारी धरले जाऊ शकतात. करारात दोन महिने पगारी लिहिले असतील तर मात्र पूर्ण पगार मागायचा.

पगार बेसिकवर की पूर्ण?

सगळ्यात जास्त वाद इथेच होतो. समजा दुबईत एकाचा बेसिक पगार १२०० दिरहम आहे, राहण्याचा आणि येण्या-जाण्याचा भत्ता ८०० दिरहम, एकूण २००० दिरहम.

तो नोकरीत असताना ३० दिवसांच्या रजेवर आला, तर रजेच्या काळाचा पगार म्हणजे २००० दिरहम मिळायला हवेत. पण त्याने नोकरी सोडली आणि न घेतलेली १८ दिवसांची रजा शिल्लक आहे, तर तिचे पैसे बेसिकवर धरतात. १२०० भागिले ३०, म्हणजे दिवसाला ४० दिरहम. १८ दिवसांचे ७२० दिरहम. काही मालक याचा फायदा घेतात आणि नोकरी चालू असलेल्या माणसालाही रजेवर जाताना बेसिकच देतात. हा फरक ओळखून ठेवा.

सौदीत हिशोब प्रत्यक्ष पगारावर, म्हणजे ठरलेल्या भत्त्यांसह होतो. समजा एकाचा महिन्याचा पगार २४०० रियाल आहे, नोकरी १ वर्ष ४ महिने झाली आणि त्याने रजाच घेतली नाही. वर्षाचे २१ दिवस आणि ४ महिन्यांचे ७ दिवस, एकूण २८ दिवस. दिवसाचा पगार ८० रियाल. नोकरी सोडताना रजेचे २२४० रियाल मिळायला हवेत. अर्ध्या वर्षाचे, चार महिन्यांचे पैसे ‘वर्ष पूर्ण नाही’ म्हणून कापता येत नाहीत. वर्षाच्या भागाचाही हिशोब होतोच.

आणखी एक. रजेचे हे पैसे आणि नोकरी संपल्यावर मिळणारी ग्रॅच्युइटी, जिला आपले लोक ‘सर्व्हिस’ म्हणतात, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मालकाने सर्व्हिसचे पैसे दिले म्हणजे रजेचे दिले असं होत नाही. हिशोबाच्या कागदावर दोन्ही रकमा वेगवेगळ्या ओळीत लिहून घ्या.

पैसे कधी मिळायला हवेत?

सौदीत रजेचा पगार आगाऊ द्यायचा असतो. ‘परत आल्यावर देऊ’ हे कायद्यात बसत नाही. कुवेतमध्येही रजा सुरू होण्याआधी तिचा पगार द्यावा लागतो.

नोकरी संपली तर सौदीत मालकाने करार संपवल्यास एका आठवड्यात आणि कामगाराने संपवल्यास दोन आठवड्यांत सगळा हिशोब पूर्ण करायचा असतो. अमिरातीत करार संपल्यापासून १४ दिवसांत पगार आणि बाकी सगळी देणी चुकती करावी लागतात.

‘रजा घेऊ नको, पैसे घे आणि काम कर’ असंही कधी कधी सांगितलं जातं. घरची निकड असते, माणूस तयार होतो. सौदीच्या कायद्यात मात्र नोकरी चालू असताना रजा सोडून देता येत नाही आणि रजेऐवजी पैसे घेता येत नाहीत. रजा विश्रांतीसाठी आहे. उन्हात बारा-बारा तास काम करणाऱ्या माणसाने तीन-तीन वर्षं घर न पाहणं, हा काही बचतीचा मार्ग नव्हे. तब्येत गेली की वाचवलेले पैसे दवाखान्यात जातात.

ईदच्या सुट्ट्या आणि हजची रजा

आपले बरेच लोक रमजान ईद किंवा बकरी ईद धरून गावी येतात. इथे दोन देशांचा नियम वेगळा आहे. सौदीत ईदची सुट्टी वार्षिक रजेच्या मध्ये आली तर तेवढे दिवस रजा वाढते. अमिरातीत मात्र रजेच्या मध्ये आलेली सरकारी सुट्टी रजेतच मोजली जाते, करारात याहून चांगली अट असेल तरच वेगळी. म्हणून दुबईवाल्यांनी तारखा ठरवताना जरा हिशोब करावा. ईदची सुट्टी संपताच रजा सुरू केली तर ते दिवस वाचतात.

हजच्या रजेबद्दल लोकांना फार कमी माहिती असते. सौदीत ज्याने आधी हज केलेला नाही आणि ज्याची त्या मालकाकडे सलग दोन वर्षं झाली आहेत, त्याला संपूर्ण नोकरीत एकदा हजसाठी पगारी रजा आहे. ती बकरी ईदच्या सुट्टीसह १० ते १५ दिवसांची असते. कामाच्या गरजेप्रमाणे एका वर्षी किती जणांना ही रजा द्यायची ते मालक ठरवू शकतो, म्हणून अर्ज लवकर करावा. कुवेतमध्ये सलग दोन वर्षांनंतर एकदा २१ दिवस पगारी रजा आहे. ओमानमध्ये एकदा १५ दिवसांची हज रजा आहे. बहरीनमध्ये पाच वर्षांच्या नोकरीनंतर एकदा १४ दिवस. कतरमध्ये एकदा २० दिवसांपर्यंत रजा मिळते, पण ती बिनपगारी.

ही हजची रजा वार्षिक रजेतून कापायची नसते. ती स्वतंत्र आहे.

मालकांच्या नेहमीच्या युक्त्या

सगळेच मालक वाईट नसतात. वेळेवर तिकीट, पगार आणि वर खर्चीला पैसे देणारे कफीलही आम्हाला माहीत आहेत. पण काही प्रकार वारंवार ऐकू येतात.

पहिला प्रकार, कोऱ्या किंवा न समजणाऱ्या कागदावर सही. ‘सगळी देणी मिळाली’ असं त्यात असतं. सौदी आणि अमिराती, दोन्ही कायद्यांनी दिलेला हक्क कमी करणारी अट किंवा माफी रद्द ठरते, हे खरं. पण पैसे मिळाल्याची तुमची सही समोर आली की ‘मिळाले नाहीत’ हे सिद्ध करायला वेळ आणि दमछाक दोन्ही होतात. सही करण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, भाषांतर करून घ्या. पैसे मिळाले नसतील तर सहीच्या बाजूला ‘रक्कम मिळाली नाही’ असं लिहून तारीख टाका.

दुसरा प्रकार, व्हिसाच्या खर्चाची कपात. सौदीत अकामा, वर्क परमिट, त्यांचं नूतनीकरण आणि रजेवर जाण्यासाठी लागणारा एक्झिट-रीएन्ट्री व्हिसा यांची फी मालकाने भरायची असते. ती रजेच्या पगारातून कापणं चुकीचं आहे.

तिसरा प्रकार, तिकिटाचा गोंधळ. नोकरी संपवून कायमचं परत जाताना तिकीट देण्याची जबाबदारी साधारणपणे मालकाची असते. पण दर रजेचं तिकीट हे बहुतेक ठिकाणी करारावर अवलंबून असतं. त्यामुळे करार करतानाच ‘किती वर्षांनी, एका बाजूचं की दोन्ही बाजूंचं’ हे लिहून घ्यावं. तोंडी आश्वासन पुढे कामाला येत नाही.

चौथा प्रकार, डिपॉझिट. ‘परत येशील याची खात्री काय’ म्हणून एका महिन्याचा पगार अडकवून ठेवतात किंवा गावाकडचा जामीनदार मागतात. कमावलेला पगार डिपॉझिट म्हणून ठेवून घेण्याचा अधिकार मालकाला नाही.

पाचवा प्रकार, रजेवर पाठवून नोकरीतून काढणं. सुरुवातीला सांगितलेल्या भावाचं हेच झालं. म्हणून रजेवर येताना नेहमी असं समजून निघा की कदाचित परत जाणं होणार नाही. कागद सगळे आपल्याकडे हवेत.

आपलीही एक चूक

दोष नेहमी समोरच्याचाच असतो असं नाही. लग्न लांबलं, घराचं काम अडलं म्हणून आपले लोक न कळवता पंधरा-वीस दिवस जास्त राहतात. हे महागात पडतं. सौदीत योग्य कारणाशिवाय सलग १५ दिवस किंवा वर्षात एकूण ३० दिवस गैरहजर राहिल्यास, लेखी इशारा देऊन, मालक कामावरून काढू शकतो. अमिरातीत ही मर्यादा सलग ७ दिवस आणि वर्षात एकूण २० दिवस इतकी कमी आहे. शिवाय जास्त राहिलेल्या दिवसांचा पगार मिळत नाही. अमिरातीच्या बाहेर ६ महिन्यांपेक्षा जास्त राहिल्यास साधारणपणे रेसिडेन्स व्हिसाही जातो.

रजा वाढवायची असेल तर आधीच ईमेल किंवा व्हॉट्सअॅपवर लेखी विचारा आणि ‘हो’ असं लेखी उत्तर येईपर्यंत समजू नका की रजा वाढली. आजारपण असेल तर सरकारी किंवा मोठ्या दवाखान्याचे कागद लगेच पाठवा.

निघण्याआधी काय काय सोबत घ्यायचं?

कराराची प्रत, अरबी आणि इंग्रजी दोन्ही. अकामा किंवा रेसिडेन्स कार्डचे दोन्ही बाजूंचे फोटो. मागच्या किमान सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, कारण पगार बँकेतून येत असेल तर तोच सगळ्यात मोठा पुरावा. रजेचा मंजूर अर्ज, त्यावर जाण्याची आणि परतण्याची तारीख. रजेच्या पगाराचा कागद, त्यात किती दिवस आणि किती रक्कम हे लिहिलेलं. मागच्या वेळी रजेवर कधी आलो होतो त्याचे पासपोर्टवरचे शिक्के किंवा तिकीट, म्हणजे किती रजा वापरली हे दाखवता येतं. हे सगळे फोटो घरातल्या एका माणसाच्या मोबाइलवरही पाठवून ठेवा. मोबाइल हरवला की पुरावा हरवतो.

पैसे अडकले तर तक्रार कुठे?

शक्यतो त्या देशात असतानाच तक्रार करावी. गावी आल्यावर प्रकरण अवघड होतं, पण संपत नाही.

अमिरातीत मनुष्यबळ आणि अमिरातीकरण मंत्रालयाकडे ऑनलाइन किंवा फोनवर तक्रार करता येते. आधी समेटाचा प्रयत्न होतो. दावा ५०,००० दिरहमपर्यंतचा असेल तर २०२४ पासून मंत्रालय स्वतःच निर्णय देऊ शकतं, कोर्टाच्या चकरा कमी होतात. सौदीत मनुष्यबळ आणि सामाजिक विकास मंत्रालयाकडे आधी समेटाचा अर्ज करायचा, तिथे जमलं नाही तर प्रकरण लेबर कोर्टात जातं.

मुदत विसरू नका. सौदीत नोकरी संपल्यापासून १२ महिन्यांत दावा करायचा असतो. कुवेत आणि कतरमध्येही एक वर्ष. अमिरातीत ही मुदत आधी एक वर्ष होती, २०२४ च्या बदलानंतर नोकरी संपल्यापासून दोन वर्षं झाली आहे. ‘कफील आज देईल, उद्या देईल’ म्हणत वर्ष निघून गेलं की कायदाही मदत करू शकत नाही.

भारताच्या बाजूने परराष्ट्र मंत्रालयाचं ‘मदद’ पोर्टल आहे. तिथे घरचे लोकही तक्रार नोंदवू शकतात आणि ती संबंधित वकिलातीकडे जाते. दुबई, रियाध आणि जेद्दा इथे प्रवासी भारतीय सहायता केंद्रं आहेत. ज्यांच्या पासपोर्टला इमिग्रेशन क्लिअरन्स लागतो आणि जे नोंदणीकृत एजंटमार्फत गेले आहेत, त्यांचा करार ‘ई-मायग्रेट’वर नोंदलेला असतो. एजंटने सांगितलं एक आणि तिथे मिळालं दुसरं, तर मुंबईतल्या प्रोटेक्टर ऑफ इमिग्रंट्सच्या कार्यालयात एजंटविरुद्ध तक्रार करता येते.

माणूस गावी आला असेल आणि प्रकरण तिकडे चालवायचं असेल, तर तिथे असलेल्या भरवशाच्या नातेवाइकाला किंवा वकिलाला रीतसर प्रमाणित केलेलं मुखत्यारपत्र द्यावं लागतं. तक्रार आधी नोंदवून निघालात तर हे काम सोपं जातं.

कामगार परदेशात वारला तर त्याच्या न घेतलेल्या रजेचे पैसेही त्याच्या सर्व्हिसच्या पैशांबरोबर वारसांचे असतात. दुःखाच्या वेळी घरचे लोक मय्यत आणण्याच्या धावपळीत असतात आणि हिशोब मागायचा राहून जातो. वकिलातीशी बोलताना ‘देणी किती आणि कधी मिळणार’ हे लेखी विचारून ठेवावं.

शेवटी

रजेचा पगार ही कफीलची मेहेरबानी नाही. वर्षभर गाळलेल्या घामाची ती कमाई आहे, बाकीच्या पगारासारखीच. हक्क मागताना भांडण करायची गरज नसते. तारीख, दिवस आणि रक्कम लिहिलेला कागद शांतपणे पुढे ठेवला की बरेच मालक देऊन टाकतात, कारण समोरच्याला नियम माहीत आहेत हे त्यांना कळतं.

आमची विनंती एवढीच की मोहल्ल्यातला एखादा मुलगा पहिल्यांदा बाहेर निघत असेल, तर त्याच्या बॅगेत लोणचं-पापड भरताना त्याच्या मोबाइलमध्ये कराराचा फोटोही भरा. आणि पहिल्या दिवसापासून एका वहीत लिहायला सांगा : कधी कामाला लागलो, किती पगार ठरला, किती रजा घेतली. दोन वर्षांनी हिशोबाला बसताना ही वही त्याच्या कामी येईल.